नायगावची ती जागा

अप्पा,

आज नांदेडहून तुमची लोखंडी पेटी आली. एसटीचं सामानाचं भाडं एकशेवीस, स्टँडवर हमालाचे चाळीस, घरापर्यंत ऑटोचे साठ. ऑटोवाल्यानं ऐंशी मागितले होते, मी दिले न्हाईत. पेटीत तुमची नाटकातली दाढी निघाली, उंदरांनी अर्धी खाल्लेली. दोन धोतरं, नाटकाची पितळी घंटा आणि माझं विंगेत बसायचं बुटकं स्टूल. तुम्ही गेल्यावर कुलूपबंद राहिलेली क्लासची खोली मालकाला परत हवी होती, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी सामान वाटून घेतलं, त्यातलं हे माझ्याकडं आलं. सकाळी बोलायला शिकवणारी मुलगी येऊन गेली, तिचे पाचशे. हे सगळं हिशोबात मांडलं आणि मग नुसतीच बसून राहिले. जे खरं सांगायचंय ते मांडायला जागाच न्हाई. म्हणून हा कागद घेतला.

अप्पा, तुमचा जावई बोलत न्हाई.

संक्रांतीनंतर त्यांना झटका आला. उजवा हात थोडा उचलतात, काठी घेऊन देवघरापर्यंत येतात, पण बोलणं गेलं. कळतं सगळं. पेपरातली चूक अजून बोटानं दाखवतात. शब्द तेवढा सापडत न्हाई. सगळ्यांतून एकच उरला होता, 'चला'. नाटकाची तालीम सुरू करताना जन्मभर म्हटलेला. चहा पाहिजे, चला. पाठ दुखते, चला. शेजारीण भेटायला आली तर तिच्याकडं बघून इतक्या प्रेमानं 'चला' म्हणाले की ती बिचारी उठून निघायला लागली. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. तेव्हा हसता येत होतं. डॉक्टर म्हणाले होते, जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढं भरवसा धरू नका. आता श्रावण आलाय.

सकाळी लिंगपूजा झाली की त्यांच्या कपाळाला विभूती लावते आणि आम्ही 'ॐ नमः शिवाय' म्हणतो. ते माझ्याबरोबर स्पष्ट म्हणतात, एक अक्षर अडखळत न्हाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं देव पावला, माहूरच्या आईला खण-नारळ बोलले. पण जप संपला आणि त्यांना पाणी मागायचं होतं, तर पाणी येईना. शिकवणारी मुलगी म्हणते, "काकू, पाठ असलेलं वेगळ्या ठिकाणी असतं. स्वतःचं बोलणं वेगळ्या ठिकाणी." आणि दर वेळी मला दटावते. "तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करू नका ना! त्यांना शोधू द्या. तुम्ही लगेच शब्द पुरवता." मी तिला काय सांगू, बाई, माझा जन्म त्यात गेला.

मला मी पहिल्यांदा आठवते ती अशीच. विंगेत, हातात संहिता, गुडघ्यावर टॉर्च. मला दहावीला बसायचं होतं आणि तुमचा प्रॉम्प्टर ऐन वेळी सासरवाडीला जाऊन बसला. आई भाकरी थापत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालात, "ही येईल." आई म्हणाली, "नाटकात? पोरगी?" तुम्ही म्हणालात, "नाटकात न्हाई गं, नाटकाच्या मागं. कुणाला दिसायची न्हाई." आईचं त्यावर समाधान झालं. माझंही झालं होतं, अप्पा. दिसायचं नव्हतंच मला.

तेव्हा तुम्ही नट होता, नुसते नट. दिवसा अडत दुकानात मापं लिहायची आणि रात्री दुसऱ्याची वाक्यं बोलायची. त्या नाटकात तुम्ही म्हातारे बाप होता. रुसून गेलेला मुलगा परत येऊन दाराबाहेर उभा राहतो, तुम्ही त्याच्याकडं बघत थांबता आणि मग म्हणता, "दार उघडंच हाय." अर्धापूरच्या प्रयोगात तुम्ही थांबलात आणि मी घाबरले. वाटलं, अप्पा विसरले. मी विंगेतून मोठ्यानं म्हटलं, "दार उघडंच हाय!" पुढच्या रांगेपर्यंत गेलं. तिथून कुणीतरी ओरडलं, "आरं, मंग जा की आत!" सगळा मांडव हसला. प्रयोगानंतर तुम्ही दाढी उतरवत होता, डिंकानं गाल लाल झाले होते. आवाज न चढवता म्हणालात, "माझी जागा खाल्लीस तू. वाक्य कुणीबी बोलतं. नट दिसतो तो त्या जागेत." मी रडायला लागले तर म्हणालात, "रडू नको, शीक. नट लोकांकडं बघून राहिला असंल तर तो थांबलाय. विंगेकडं बघितलं तर विसरलाय. तवाच शब्द दे, त्याच्या आधी न्हाई." हे मी देवाच्या नेमासारखं पाळलं.

आणि म्हणूनच नायगाव झालं.

तेच नाटक, तीच जागा. तुम्ही दाराकडं बघत थांबलात. मी तुमचं तोंड बघत होते, ओठावर शब्द तयार होता, पण तुम्ही विंगेकडं बघितलं न्हाई. मी थांबले. लोक आधी गप्प होते, मग खोकले, मग मागून शिट्टी आली. तुमच्या मानेवरून घाम ओघळून धोतराच्या काठाला लागलेला मला दिसत होता. तरी तुम्ही बघितलं न्हाई आणि मी शब्द दिला न्हाई. दारात उभा होता तो नवीन मुलगा, एसटीच्या वर्कशॉपात शिकाऊ, तालमीत ज्याच्या बोलण्याला सगळे हसायचे. त्याच्या तोंडी तिथं वाक्यच नव्हतं. तो एक पाऊल पुढं आला आणि म्हणाला, "बा, मी येऊ का आत?" तुम्ही म्हणालात, "ये." बस. मांडवात बाया रडायला लागल्या.

तुम्ही त्यानंतर तोंडाला रंग लावला न्हाई. मला एका शब्दानं बोलला न्हाईत. घरी आल्यावर आईनं विचारलं, "आता काय करणार?" तर म्हणालात, "दुसऱ्याचं बोलणं विसरता येतं. आपलं लिहून बघतो." आई म्हणाली, "आणि तेबी विसरलात तर?" तुम्ही म्हणालात, "तर परत लिहीन. कागद स्वस्त हाय." मग तुम्ही लिहायला लागलात, आपल्याकडच्या बायामाणसांचं बोलणं, 'लई' आणि 'न्हाई' सगळं तसंच ठेवून. स्वतः नाटकं बसवलीत. मग त्या खोलीत क्लास काढला. आईनं एकदा तुमची ती घंटा जेवायला बोलवायला वाजवली तर केवढे चिडलात, "ही घंटा भाकरीची न्हाई!" आई शांतपणे म्हणाली, "मंग ही पोरं भाकर कुणाची खाऊन राहिलीत?" त्या दिवसापासून घंटा खिळ्याला अडकवलेली राहिली आणि पोरं पोटभर जेवत राहिली.

क्लासमध्ये नायगावची गोष्ट तुम्ही दर वर्षी सांगायचात, हसत हसत. मी चहा घेऊन दारात उभी असायचे. "चूक प्रॉम्प्टरची नव्हती," असं म्हणायचात, "मला विंगेकडं बघायची लाज वाटली. नटाला मदत मागता आली पायजे." आणि मग त्या वर्कशॉपातल्या मुलाकडं बोट दाखवायचात, जो तोवर तुमचा उजवा हात झाला होता. त्याचं बोलणं तुम्ही बदलू दिलं न्हाई. त्यालाच मला दिलंत. पुढं तो इथं लातूरला नाट्यशिक्षक झाला, रिटायर होईपर्यंत तुमचंच शिकवत राहिला. लग्नानंतर त्यांनी मला सगळ्यांदेखत नावानं हाक मारली तर सासूबाईंच्या हातातलं ताट निसटलं. तेव्हापासून या झटक्यापर्यंत, दारातून आत पाऊल टाकायच्या आधी माझं नाव. भाजीची पिशवी असो, कुणाच्या मरणाची बातमी असो, आधी माझं नाव.

आता मागच्या सोमवारचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

सिद्धेश्वराला जाऊन आले, बेलाचं पान त्यांच्या उशाला ठेवलं. ते पलंगावर बसले होते. त्यांनी माझा पदर धरला आणि तोंड उघडलं. 'चला' नव्हतं. काहीतरी दुसरं होतं, गळ्याची शीर ताठ झाली होती, डावा हात हवेत काहीतरी धरू बघत होता. त्या मुलीचं ऐकून मी गप्प राहिले. पूर्वी मी लगेच म्हटलं असतं, पाणी? गोळी? पंखा? पण मी थांबले. ते माझ्याकडं बघत होते. अप्पा, तिथंच माझा सगळा घोटाळा झाला. तुम्ही सांगितलं होतं, विंगेकडं बघितलं तर विसरलाय, शब्द दे. लोकांकडं बघत असंल तर थांबलाय, गप्प बस. ते माझ्याकडं बघून राहिले होते. पण मी विंगेतली होते का समोरची, हेच मला कळेना. जिला सांगायचं तीही मी आणि शब्द पुरवणारीही मीच. कुठल्या नियमानं वागू?

मी थांबूनच राहिले. त्यांचे डोळे भरले. मग पदर सोडला, तोंड मिटलं आणि भिंतीकडं वळून झोपले.

त्या दिवसापासून ते 'चला'सुद्धा म्हणत न्हाईत. जपाला ओठ हलत न्हाईत. शिकवणारी मुलगी चित्रं दाखवते, गाय, कुलूप, छत्री, ते डोळे मिटून घेतात. आज ती जाताना दारात म्हणाली, "काकू, त्यांनी सोडून दिलं तर मला काही करता यायचं न्हाई." तुमचा एक जुना विद्यार्थी केळीचा घड घेऊन आला होता, तो बाहेर माझ्याजवळ बोलला, "ताई, सर आता बोलायचे न्हाईत, मनाची तयारी ठेवा." मी त्याला म्हटलं, "ते विसरले न्हाईत, थांबलेत." सगळ्यांना मी हेच सांगते. दुधवाल्यालाही सांगितलं. पण अप्पा, रोज सांगताना माझा आवाज बारीक व्हायला लागलाय. नायगावलाही मला असंच वाटलं होतं.

संध्याकाळी पेटी उघडली. घंटा पुसून त्यांच्या हाताशी ठेवली, म्हटलं, काही लागलं तर वाजवा. त्यांनी ती बोटानं सरकवून दिली. ही घंटा भाकरीची न्हाई, हे त्यांना अजून पाठ आहे. मला त्या बारीक गोष्टीचा एवढा धीर आला की मी स्टूल ओढून त्यांच्या पलंगामागं, डोक्याशी बसले, जिथं मी त्यांना दिसत नव्हते. लगेच उमगलं मी कुठं बसलेय ते. सवयीनं विंगेत. नायगावला तुम्हाला विंगेनं वाचवलं नव्हतं. जो समोर होता त्यानं वाचवलं, आणि त्यानं शब्द पुरवला नव्हता, विचारलं होतं. ते विचारणारा माणूस आता पलंगावर आहे आणि दारात उभं राहायची पाळी माझी आहे. पण मी कधी समोर उभीच राहिले न्हाई हो. घरातही न्हाई. लोकांच्या तोंडचं आठवून ठेवायचं, कमी पडलं तर हळूच द्यायचं, एवढंच मला येतं.

एक तुम्हालाच सांगते, मग हा कागद घडी घालून तुमच्या पेटीतच टाकणार आहे. पाकीट कशाला वाया घालवू. सोमवारी ते कुठला शब्द शोधत होते ते मला ओळखू आलं होतं. जीभ वर टेकवून सुरुवात करत होते, मी इतकी वर्षं ते तोंड बघितलंय. माझं नाव होतं ते. पहिलं अक्षर तेवढं दिलं असतं तर कदाचित आलं असतं. दिलं न्हाई. त्या मुलीचा नियम म्हणून न्हाई, तुमचा म्हणूनही न्हाई. मला ते पुरवलेलं नको होतं, त्यांनी मारलेली हाक पाहिजे होती.

उद्या सकाळी विभूती लावून झाली की मी त्यांच्या समोर बसणार आहे, तोंडासमोर. विचारायचं काय ते मला सुचत न्हाई. तुम्ही एवढी नाटकं लिहिलीत, सगळ्यांच्या तोंडी वाक्यं घातलीत, माझ्या तोंडी एकही घातलं न्हाईत. एकच लिहा, लहान असलं तरी चालेल, आणि उलट टपाली कळवा.