राष्ट्रीय जलधोरण आणि अमोलचं लग्न

२ एप्रिल
आजपासून नियमित लेखन. दिल्लीत नवं राष्ट्रीय जलधोरण ठरतंय, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. मी सूचना पाठवणार. कंपनीतून रिटायर होऊन गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष झालो तो काय उगाच? पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या आमच्या गावात, नळाला महिनाभर पाणी नाही, त्यामुळे विचाराला भरपूर वेळ मिळतो.

६ एप्रिल
आमच्या अमोलला अष्टमी गावच्या मृणालीचं स्थळ. दोघांची पसंती आधीच झालेली. तिचे वडील फोनवर म्हणाले, आधी घरात पाणी दाखवा, मग पोरगी मागा. याच पायी दोन स्थळं मोडली, पोरगा तेहतीसचा झाला. मनातून पार हादरलोय. त्यांना मात्र ठणकावून सांगितलं, दहा मेला या, पाणीच पाणी असेल.

९ एप्रिल, सकाळी
उपाय सापडला. साठा वाढवणे! गावचं तळं आटलंय, पोकलेन लावून दुप्पट खोल करायचं. सौ. म्हणाली, अवो, गुडघाभर गाळ काढायचा असतो, त्याच्या खाली खारं हाय. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही आहे. पण आमच्या वाडवडिलांपुढे राष्ट्रीय धोरण कुठे होतं?

२४ एप्रिल
चमत्कार. पावसाचा थेंब नसताना तळ्याला खालून पाणी फुटलं. पेढे वाटले. शेजारच्या बायजाकाकींनी चूळ भरून थुंकली आणि म्हणाल्या, शिवा, खाडी वर काढलीस रे तू. जुनी माणसं. मी चाखलं. थोडी खनिजं जाणवली. बसतील खाली.

३ मे
खनिजं बसत नाहीत. म्हशी वास घेऊन मागे फिरतात. पावसात भरणारं गोडं पाणीही आता नासणार, म्हणून गाव माझ्याशी बोलत नाही. न्हाणीत जाऊन रडलो. तोंड धुवायला पाणी नव्हतं. सूचनांचं दुसरं पान लिहायचं राहिलं.

१० मे
पाहुणे आले, टँकर आला नाही. सौ. नको नको म्हणत असताना तळ्याच्या पाण्याचा चहा मीच टाकला. दूध फाटलं. मग कोरा केला, साखर दुप्पट. मृणालीच्या वडिलांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मृणालीने सगळा संपवला. गुणी पोरगी. वडील म्हणाले, पोरगी देऊ, पण हितं नाय. अमोलने अष्टमीला खोली घ्यावी. मी तत्त्व म्हणून नकार देणार होतो. त्याआधीच अमोल हो म्हणाला.

२८ मे
लग्न अष्टमीला झालं. तिथल्या नळाखाली मी उगाचच तीनदा हात धुतले. सौ. म्हणाली, पोरांचं बस्तान बसवून येते. म्हटलं, ये सावकाश. आता कामाला लागतो.

८ जून
सौ.चा फोन. म्हणाली, हितं रोज पानी येतंय, माझी कंबर दुखायची थांबली, मी काय आता येत नाय, तुमीच या. म्हटलं, समितीचं कोण बघणार? फोन ठेवला. घर खायला उठतंय.
सूचना अखेर पाठवल्या. सोबत प्रगतीचा अहवाल जोडला. टँकर घरटी एक पिंप देतो. घरात आता मी एकटाच. दरडोई पाणी तिप्पट झालं आहे.