पाटीतला खिळा

ती. आईस,
करावे गावातून तुझ्या रुतिकाचा नमस्कार.

फोनवर बोलले असते तर आवाजावरूनच तू ओळखलं असतंस. म्हणून प्रणयदादा उद्या घरी येतोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देतेय.

परसात कोंबड्या पाळायला सुरुवात केली आणि तू दिलेली तांबडी खुडूक झाली. पाटीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवलीय. हितेश आधी हसला, पण आता ऑफिसला जाताना तोच तिच्यापुढे पाणी ठेवतो.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठतोय. पाया खणायचं मशीन सकाळपासून आदळतं आणि मांडणीवरची भांडी वाजतात. ढगांच्या गडगडाटाने अंड्यातला जीव जातो, म्हणून तू पाटीत लोखंड ठेवायचीस ना? तसा मीही खिळा ठेवलाय. पण ढग निघून तरी जातात. आज तांबडी दोनदा उठून पळाली. धरून परत बसवली, तर हाताला टोचली.

परवापर्यंत पिल्लं निघायला हवीत. सासूबाई म्हणतात, सारखी कान लावून बसू नकोस. मी बसतेच.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा होडी घेऊन एकटे जात नाहीत ना?

माझी काळजी करू नकोस. वेळेवर जेवते, जड काही उचलत नाही. मागच्या वेळेसारखं होऊ नये म्हणून हितेशशिवाय अजून कुणालाच सांगितलेलं नाही. एक खिळा माझ्याही उशीखाली आहे.

तुझीच,
रुतिका