नावेपुढचा ‘सौ.’

१२ मे १९७४, रवि.
नावेसाठी हिरव्या रंगाचे दोन डबे, छत्तीस रुपये. हे दुकानदाराचं झालं. खरा खर्च असा: दौंडला जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि सुमनच्या रेल्वे क्वार्टरवरून जाताना लेकीच्या दारात पाय वळला नाही, तो. तिची आई तिथंच तापानं गेली, गेल्या वैशाखात.

१४ मे, मंगळ.
नाव वाळूवर ओढून पालथी घातली. माझ्या नावेवरचा म्हातारा सखाराम नावाडी लगेच मोगरी घेऊन ठोकायला निघाला. म्हटलं, थांब, आधी ऐकू दे. बोटानं एकेक फळी वाजवली. तिसरी आणि नववी भदभद बोलल्या. उचकटल्या, तर आत भुसा.
“आबा, कान हायेत का डाक्टरची नळी?”
दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारत होतो तेव्हापासूनचे कान. पलीकडच्या काठावरून कुणी हलकी हाक घातली तरी आजवर सुटलेली नाही. विचारा गावात.

१५ मे, बुध.
फटींत काथ्या ठोकला, वर डांबर. दिवसभर ठकठक. जेवतानाही डोक्यात तीच.

१७ मे, शुक्र.
गायकवाड पेंटर आला. रेल्वेच्या डब्यांवर आकडे घालतो, हात सरळ. नाव हिरवीगार झाली. पुढच्या टोकावरची अक्षरं राहिली. आजवर ‘सौ. भागीरथी’. ब्रश बुडवून थांबला.
“आबा, आता सौ. कसं लिहू? कै. सौ. लिहावं लागंल. रीत हाय.”
सखाराम उसळला. “कैलासवासी नावंत कोन बसंल रं? लोकास्नी दौंडला जायचंय, कैलासाला न्हाई!”
हसलो. मोठ्यानं हसलो. मग बाभळीमागं जाऊन उभा राहिलो.
नुसतं भागीरथी लिहू का, म्हणाला. नुसतं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही. हाक मारायची ती ‘अगं’, एवढंच. म्हटलं, जागा कोरी ठेव.

१८ मे, शनि.
बोचतंय ते लिहून टाकतो. तीन दिवस ताप, आणि मला निरोप शेवटच्या दिवशी. पोचलो तेव्हा हिरवं लुगडं नेसवून ओटी भरली होती. अहेव गेली, पुण्यवान, म्हणाले सगळे. असेल. पण अगं, एक हाक तरी मारायची होतीस.

२१ मे, मंगळ.
सुमन आली. नाव वाळूवर, म्हणून सखारामनं गुळाच्या काहिलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, बसवून अलीकडं आणली. आल्या आल्या, “आईचं नाव कुठंय?” मी निरोप उशिरा धाडल्याचं बोललो. जरा कडकच. ती वाळूतच बसली. मग—
“दादा, आई निघाली होती. कणकण होती, तरी घरी जाते म्हनली. बैलगाडीनं काठापर्यंत आणलं मी. दुपारभर दोघी हाका मारत होतो. तुमी नाव पालथी घालून ठोकत होता. दिसत होता की आमाला. सांजंला परत फिरलो.”
वर्षभर सांगितलं का नाहीस?
“तीच म्हनली, त्यास्नी सांगू नगंस. कानाचा लई अभिमान हाय त्यास्नी.”

२२ मे, बुध.
नाव आज पाण्यात घालायची होती. घातली नाही. पेंटर अक्षरांचं विचारून गेला.
सखारामला पलीकडच्या काठावर धाडला. म्हटलं, हाका मार. मी इकडं मोगरी ठोकत बसलो.
परत येऊन म्हणतो, धा मारल्या.
एकही ऐकू आली नाही.