जरीचा इलेक्ट्रोड

३ मार्च १९७४, वडगाव
लाईट गेली. देवाप्पामामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, दोन्ही पॉवरलूम बंद. माझ्यासारख्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या डेमॉन्स्ट्रेटरने अशा वेळी गप्प बसणं बरं नव्हे. जाहीर केलं : रॉकेल न जाळता त्यातून वीज काढतो. धातूच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोकार्बनचं ऑक्सिडेशन, बस्स. मामा म्हणाले, पाडव्यापर्यंत जमलं तर धारवाडला पीएचडीला जावा, न्हायतर मागावर बसा. धारवाडात खोली बघायला सांगून ठेवली.

७ मार्च
प्लॅटिनम लागतं. कॉलेजातली एकुलती एक तार प्रिन्सिपॉलांच्या कपाटात. मागितली नाही. स्वाभिमान.
(मागितली होती.)

१० मार्च, दुपारी
सापडलं! जर. चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. दोन्ही राजधातू, तेही घरात. लग्नात मामांनी अक्काताईला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वतः विणून अस्सल जरीची साडी दिली, साऱ्या पेठेला दाखवून. पदर मागितला. बायको बोलायची बंद.

१४ मार्च
दिला. डोळे पुसत. परत मिळेल का म्हणाली. इलेक्ट्रोड झिजत नसतो, असं ठणकावून सांगितलं.

१९ मार्च, सकाळी
बरणीत बॅटरीचं ॲसिड, वर रॉकेल, जुन्या सेलची कार्बनकांडी आणि पदर. मीटरचा काटा हलला! मामांनी तोंड गोड करायला कुंदा आणला. थीसिसची अर्पणपत्रिका लिहून झाली.

२१ मार्च
रॉकेल होतं तेवढंच. ॲसिड मात्र निळं. चांदीने निळं होत नाही, तांब्याने होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवतो. म्हणजे जर... छे. बरणी घाण असणार.

२४ मार्च, पाडवा
बरणी घासली, नवीन ॲसिड घातलं. पुन्हा निळं. अक्काताईने पदर उचलला तर हातात नुसते दोरे.
"बाबांनी खरी जर म्हणून दिलती न्हवं?" तिने विचारलं.
मामा दारात उभे. निळ्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. जर तांब्याची हे तिला सांगेन, असं नुसतं सुचवलं असतं तरी माझं तोंड बंद ठेवायला मामांनी मला आजच धारवाडच्या गाडीत बसवलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो,
"जर खरीच हाय गं. माझाच प्रयोग चुकला."
तिचा चेहरा उजळला. हे असलंच व्हनार हुतं, म्हणाली.
मामांनी घसा साफ केला.
"जावईबापू, आज खरं बोललासा. उद्यापास्नं मागावर बसा."