कालदंष्ट्र आणि खडूचं वर्तुळ

४ जानेवारी, शनिवार
आज खेळाचा विचका. दोन वर्षं दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी गेम चालवतो. म्हणजे गोष्ट माझी, राक्षस माझे, हवामानसुद्धा माझं. बाकी तिघांनी आपापलं पात्र सांभाळायचं आणि फासे टाकायचे. बायको चोर, मेहुणा योद्धा, शेजारची डेंटिस्ट जादूगार. आज डेंटिस्टच्या जादूगाराने गोष्टीतल्या खडूने मंत्रवर्तुळ काढलं. आतला बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. इथवर ठीक. मग मेहुणा विचारतो, बाण जातो का? बायको विचारते, पाणी सांडलं तर? डेंटिस्टला वेगळीच शंका: आतला शिंकला तर शिंक बाहेर येते का. तास गेला. नियम बघून सांगतो म्हटलं. नियमांत काही नव्हतं. तिघं हसले. हसोत.

संकल्प: मंत्रवर्तुळाचे असे नियम लिहीन की सुई शिरायला जागा उरणार नाही.

६ जानेवारी, सोमवार
ऑफिसात कामं होती, पण ती रोजच असतात. नियम लिहिले. वर्तुळ पाण्याने पुसत नाही, पायाने नाही, उंदराने नाही, भूकंपाने नाही. ज्याने काढलं त्यानेच पुसायचं. शिंकेला वेगळं कलम (येते). साहेबांनी विचारलं, काय चाललंय. सुरक्षा धोरण, म्हटलं. खोटं नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार
आणखी एक कलम. आत अडकलेल्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि विचारल्यावर खरंच बोलायचं. शेवटी ठळक अक्षरांत: या नियमांना अपवाद नाही, गेम मास्टरलाही (म्हणजे मलाही) नाही. वाचून मलाच भरून आलं. बायकोला ऐकवलं. नक्की ना, म्हणाली. म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. तिला पटलेलं दिसलं.

११ जानेवारी, शनिवार, सकाळ
आज कालदंष्ट्र येणार! राक्षसांचा राजा. दोन वर्षं नुसत्या नावाने तिघांची गाळण उडते (मेहुणा कबूल करत नाही). आज तो पहिल्यांदा सिंहासनावर बसणार आणि भाषण करणार. भाषण तोंडपाठ. आवाज बाथरूममध्ये बसवला. बायकोने दार वाजवून विचारलं, बरं नाही का.

संध्याकाळी
कालदंष्ट्र आला. बसला. मी घसा खाकरला. तेवढ्यात बायको म्हणाली, सिंहासनाच्या गालिच्याखाली वर्तुळ आहे. डेंटिस्टचा खडू घेऊन तिची चोर मघाशी दरबारात शिरली होती म्हणे. तेव्हा मी कॉफी ओतत होतो आणि हो हो म्हणालो होतो.

म्हटलं, अडकू दे, भाषण तर होईल. डेंटिस्टने माझेच नियम पुढे केले: विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मग विचारा ना, म्हटलं. मेहुणा म्हणाला, आपल्याला काही विचारायचं नाही. तिघं खजिना उचलून चालते झाले.

छत गळवलं. कलम आहे. उंदीर सोडले. कलम आहे. भूकंप केला. डेंटिस्टने ओळीवर बोट ठेवलं, किडका दात दाखवावा तसं. मी फासे उचलून आत निघून आलो. रागाने नव्हे, तत्त्वाने.

१३ जानेवारी, सोमवार
बायकोकरवी निरोप: कालदंष्ट्र अडकला हे मान्य कर आणि गोष्ट पुढे ने, नाहीतर गेम डेंटिस्ट चालवेल. खुशाल चालवा, म्हटलं. माझं जग म्हणजे काय कवळी आहे, माप घेतलं आणि बसवली? येतील नाक मुठीत धरून. फासे देणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार
मी बेडरूममध्ये, वाचत. बाहेर खेळ. नवे फासे आणलेत. आवाजावरून हलके वाटतात. हसले. मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर पुन्हा हसले. पुन्हा तहान लागली. डेंटिस्टला अजिबात जमत नाही. कुणी काही विचारलं की हो म्हणून मोकळी. एकदाही भांडण नाही. असा खेळ टिकत नसतो.

मला हाक मारतील असं वाटलं होतं. नाही मारली. वाईट वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
मेहुण्याचा फोन. एक पात्र रिकामं आहे म्हणाला. विचार करून सांगतो, म्हटलं. फोन ठेवायच्या आत केला. तात्पुरता जातोय. नियमांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच.

२५ जानेवारी, शनिवार
पात्र: कालदंष्ट्र. माझी खुर्ची कोपऱ्यात, भोवती खऱ्या खडूची रेघ. बायकोने काढली. भाषण खिशात होतं. कुणी काही विचारलं नाही. मेहुणा चुकीच्या गुहेत शिरला. गप्प बसलो. डेंटिस्टने माझ्या ड्रॅगनला पोहायला लावलं. गप्प बसलो. दोनदा हसू फुटलं, ते शिंकेच्या कलमात बसवलं.

टेबल आवरताना बायकोने रेघेपाशी येऊन विचारलं, मजा आली का?

कलम माझंच. खरंच बोलायचं. हो, म्हणालो.

बरं म्हणाली आणि त्या दोघांना पोचवायला खाली गेली. रेघ पुसायची राहिली. जिन्यातून तिघांचं बोलणं ऐकू येतंय, म्हणजे इतक्यात येत नाही. हे भाषणाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय. पाय पलीकडे टाकला तर बघायला कुणी नाही. पण अपवाद नाही म्हणजे नाही. हाक मारली असती, पण मला कुणी काही विचारलेलं नाही.