भांडं रिकामं होईना

मुक्काम मिरजगाव, तालुका कर्जत
मंगळवार

श्रीयुत जैनुद्दीनभाई, भिंगार, यांना गहिनीनाथचा रामराम आन सलाम, दोन्ही. तुमचे गुडघे कसे हायेत, गौहरभाभीचं बीपी कसं हाय, टेम्पोचा क्लच बदलला का तसाच दामटताय. आमच्याकडं समदे बरे. (झाला मायना. आता तुला तुमी म्हननं बंद. चाळीस वरसं जमलं न्हाई ते आज कुठं जमायचं.) भाभीनी मागं तुझ्यासंगं खिरीचा डबा धाडला व्हता, तो घासून फळीवर ठेवलाय. आमची मालनबाई म्हनती हुरडा निघू दे, मंग देऊ. फोन केला न्हाई, कारन तू फोन स्पीकरवर टाकतो आन तुझ्या गल्लीला माझी तब्येत कळती. पत्र यष्टीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

तर ऐक. दिवाळीनंतर तू माझ्या दुकानातून ते स्टीलचं भांडं नगरच्या कॉलेजात पोचवलं, आठवतं ना. दुधाच्या क्यानपेक्षा जरा मोठं, अंगाला तोंडंच तोंडं. कॉलेजचंच भांडं, मी त्याला दोन नवी तोंडं वेल्ड करून दिली, एक सरळ, एक वाकड्या नळीचं. आपली ज्ञानेश्वरी, माझी नात, तिथं डॉक्टर व्हायचं शिकती. (सुई टोचायचा डॉक्टर न्हाई. मला विचारू नको, मी विचारून बसलोय.) तिचं काम काय, तर भांड्यातली हवा पंपानं वढून काढायची आन मंग बघत बसायचं, धातूच्या अंगातून कोनता वायू किती निघतो. समदी दुनिया भांड्यात काय तरी पडावं म्हनून मरती, आन ही पोरगी पाच वरसं भांडं रिकामं करती.

आन ते भांडं रिकामं होईना. पंप आठ दिवस घुरघुरला, मीटरचा आकडा बसला एका जागी, रुसलेल्या जावयासारखा. तिचे रविराज सर म्हनले, वेल्डिंग गळतंय, दुधाच्या टाक्या करनाऱ्याकडं आसलं काम द्यायचंच नव्हतं. आता नवं भांडं भाईरून मागवायचं. त्याला सात म्हैने. पोरीची मुदत मार्चअखेर. म्हंजे पाच वरसं मातीत. पोरगी काय म्हनली म्हाईत हाय का. भर लॅबमदी म्हनली, सर, माझ्या आजोबाचं वेल्डिंग गळत न्हाई. हे कानावर आलं आन मी सकाळच्या पहिल्या गाडीनं नगर गाठलं.

तिथला थाट सांगतो. पायताणं भाईर, पायात पिशव्या, डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे. (माझ्या लग्नात बी मला इतकं कोनी नटवलं नव्हतं.) मी म्हनलं, सर, हौदात बुडवा, एक बुडबुडा आला तर मिशी उतरवतो. सर हसले. त्यांनी हेलियम आनला, फुग्यात भरत्यात तोच. बारीक नळीनं एकेका जोडावर सोडायचा, केसायेवढी फट आसली तरी आत शिरतो आन मशीन वरडतं. दोन तास सोडला. मशीन मुकं. तवा कुठं मी बसायला खुर्ची मागितली.

मानूस हरला की कबूल करतो. शिकलेला हरला की समजावून सांगतो. सर म्हनले, मंग वायू भाईरून येत न्हाई, आतूनच निघतोय. स्टील वितळलेलं आसतं तवाच हायड्रोजन पिऊन घेतं म्हनं, आन मंग वरसानुवरसं थोडा थोडा सोडत ऱ्हातं. (आमच्या गावचा सरपंच बी आसाच हाय, दुसऱ्याचं पिऊन वरसभर ढेकर.) वर पत्र्याला पान्याची वाफ चिकटती, डोळ्याला दिसत न्हाई. बोटाचा एक ठसा आत ऱ्हायला तर त्याचा वायू आठवडाभर निघतो. पितळंचा साधा स्क्रू चालत न्हाई, तापवला की त्यातलं जस्त उडून दुसरीकडं जाऊन बसतं. मी म्हनलं, आमच्या आईचं पितळी पातेलं साठ वरसं चुलीवर व्हतं, कुठं उडालं न्हाई. सर म्हनले, बाबा, चुलीपाशी हवा आसती. आसती की. हवेबिगर चूल कशी पेटंल. याला पगार मिळतो.

मी घरी आलो. मागं लॅबवाल्यांनी भांड्याला गरम पट्टे गुंडाळून दीडशे डिग्रीवर दोन दिस शेकलं, म्हंजे आतला वायू एकदाचा निघून जातो. झालं उलटं, वायू दुप्पट. उघडलं तर वास. सर म्हनले, पंपाचं तेल जळलं. पोरगी फोनवर म्हनली, आजोबा, मला तर गुऱ्हाळाचा वास आला वो. सरांनी तिला गप केलं. आत तीनदा स्पिरिटनं धुतलंय म्हनले, कचरा उरायचा प्रश्नच न्हाई. (पान्याचा थेंब लावू देत न्हाईत. भांडं धुवायचं आन पान्याला शिवायचं न्हाई, आसं सोवळं मी अजून पाह्यलं न्हाई.) आता शुक्कुरवारी बैठक. स्टीलच खराब हाय म्हनून भांडं भंगारात जानार आन पोरीचं नाव कटनार. यांना एक भांडं रिकामं करता येईना आन खापर धातूवर. असू दे. आपन अडानी, आपन काय बोलावं. भाभीला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा
गहिनीनाथ

ता. क. पत्र मालनबाईला वाचून दाखवलं. तिनं गुऱ्हाळापाशी थांबवलं आन एकच विचारलं, भांडं रिकामंच धाडलं व्हतं का. मी म्हनलं, रिकामं कसं धाडीन, आपल्यात कोनाचं भांडं रिकामं परत जातं का. झाकन तर बोल्ट लावून बसवलेलं, म्हनून वाकड्या नळीतनं गुळाचा खडा आत सारला आन वर प्लास्टिक बांधलं. पोरीचं काम गोड व्हावं. तो नळीच्या वळनात बसला आसनार. स्पिरिटात गूळ इरघळत न्हाई. मालनबाई तवापासून माझ्याकडं नुसती बघती. तर तू येवढं कर. सरांना जाऊन सांग की वाटंत टेम्पोत गुळाच्या ढेपी व्हत्या, त्यातलाच खडा पडला आसंल. तुला कोन काय म्हननार, तुला कुठं डॉक्टर व्हायचंय.

ता. क. दुसरा. वरचं राहू दे. पोरगी भर लॅबमदी माझ्या नावानं उभी ऱ्हायली आन मी तुझ्या टेम्पोमागं लपू, हे बरं दिसत न्हाई. गुरुवारी पहिल्या गाडीनं येतो, लांब चिमटा आन थर्मासात गरम पानी घेऊन. तू फकस्त संगं चल. चार मानसांसमोर ती मला कमी बोलंल.

ता. क. तिसरा. भाभीचा डबा आनतोय. रिकामा आनतोय. राग धरू नको म्हनावं. सध्या मला कोनाच्या बी भांड्यात काय टाकायचा धीर होईना.