दाजींची गाडी सुरू होत नाही

४ मार्च, सोमवार

आणि वर दाजी मलाच विचारतात, "तू तिथं करतोस तरी काय?" चार वर्षं सांगतोय — शहरात चाव्या बनवतो. गाड्यांच्या चाव्या. लोकांना सांगताना दाजींचा मेव्हणा इंजिनियर असतो. माझ्याशी बोलताना चावी म्हणजे लोखंडाचा तुकडा, "घासून पाठव की एक."

फोनचं कारण काय, तर दाजी शाळेची मुलं नेतात ती व्हॅन दारात उभी आहे. दोन्ही चाव्या गेल्या. पहिली दाजींनी स्वतः मागच्या वर्षी नदीत पाडली. दुसरी आता ताईने हरवली म्हणे. कपडे धुताना. ताईपण बावळटच. तसं तिला फोनवर सांगितलंही.

५ मार्च

दाजींनी बाजारातला चावीवाला बोलावला. त्याने दाराच्या कुलपावरून चावी घासून दिली. दार उघडलं. दाजी खूश — "बघ, दोनशेत काम झालं, तुझी विद्या ठेव तुझ्याकडं." मग चावी फिरवली. इंजिन घरघरलं, दोन सेकंद चाललं आणि गप्प.

दाजींचा निकाल: पेट्रोलमध्ये भेसळ.

७ मार्च

बॅटरी बदलली. अर्थातच काही झालं नाही.

आज शांतपणे समजावलं. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते. तिच्यात एक नंबर. सेल नाही, काही नाही. कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कडी असते, चावी फिरवली की ती कडी त्या दाण्याला जागं करते. दाणा नंबर सांगतो, गाडीतला कॉम्प्युटर ताडून बघतो. ओळख पटली तर इंजिनाला पेट्रोल सोडतो, नाही पटली तर नाही. मग चोराने दार फोडो, तारा जोडो, हुबेहूब चावी घासो. गाडी हलत नाही.

दाजी म्हणाले, "म्हणजे माझी गाडी मलाच चोर समजते?"

म्हटलं, "हो."

फार दिवसांनी बरं वाटलं.

९ मार्च

दुकानात एक टायवाला आला. गाडी चोरीला गेली. "एवढी कोडवाली चावी, मग गेलीच कशी?" तावातावाने विचारत होता, जसं काही मीच नेली. मालकांनी विचारलं, दुसरी चावी कुठे ठेवता? तर गाडीतच. समोरच्या खणात. "म्हणजे पहिली हरवली तर अडायला नको."

तो गेल्यावर मालक म्हणाले, "कुलूप कितीही शहाणं करा, माणूस तोच राहतो."

दाजींना सांगायला हवं. त्यांना कळणार नाही.

११ मार्च

पेट्रोलचा पंप बदलला. पंप! आता फक्त सीटकव्हर बदलायची राहिली.

आईचा फोन. "दाजी मोठे आहेत, त्यांना उलट बोलत जाऊ नकोस. आठ पोरं दुसऱ्या गाडीनं जायला लागली तर तुझ्या बहिणीनं खायचं काय?" झालं. म्हणजे पुन्हा मीच.

मालकांच्या ओळखीतून तिकडचाच एक मशीनवाला मिळाला. सगळ्या चाव्या हरवल्या की काम असं असतं — स्टिअरिंगखाली मशीन जोडायचं, गाडीच्या डोक्यातले जुने नंबर पुसायचे, नवे लिहायचे. शुक्रवारी येतो म्हणाला. दोन चाव्या, दोन्ही दाजींच्या हातात. पैसे माझे, हे कुणी विचारलंही नाही.

त्याची एकच अट. गाडी ज्याच्या नावावर, ते माणूस कागदं घेऊन समोर पाहिजे. व्हॅन ताईच्या नावावर आहे, बाईच्या नावावर कर्ज स्वस्त पडत होतं. दाजी म्हणतात, "तिचं काय काम? मी आहे ना उभा."

१३ मार्च

ताईचा फोन. आधी जेवलास का, झोपतोस का. मग एकदम, "बारक्या, नवीन चावी केली की जुनी चालते का रे?"

म्हटलं, नाही. नंबर पुसला की जुनी नुसतं लोखंड.

ती म्हणते, "थोडे दिवस थांबता नाही येणार?"

मी चिडलो. आठ पोरं घरी बसलीत आणि ही हरवलेल्या चावीची काळजी करत बसलीय. तिला तसंच ऐकवलं. "बरं. तू तुझं काम कर," म्हणाली आणि ठेवला.

त्या घरात एक शहाणं माणूस नाही.

१४ मार्च, गुरुवार

ताईचा पुन्हा फोन. शाळेच्या फाटकाबाहेरून.

"चावी हरवली नाही. माझ्याकडं आहे. त्यांच्या तोंडाला सकाळी सात वाजताच वास असतो. दोन तारखेला वळणावर गाडी कठड्याला घासली. मागच्या सीटवरची सगळ्यात लहान मुलगी, कपाळाला तीन टाके पडले तिच्या. त्यांनी तिच्या आईला सांगितलं, खेळताना पडली. तिला पण तेच बोलायला लावलं. मी त्याच दिवशी चावी काढून घेतली. तू बावळट म्हणालास, म्हटलं म्हणू दे. पण उद्या तू त्यांना दोन नव्या देतोयस."

 

१५ मार्च

मशीनवाल्याला सकाळीच नको म्हणून सांगितलं. दाजींचे सात मिस्ड कॉल, आईचे दोन. मुलीच्या आईला खरं काय ते ताई स्वतः जाऊन सांगणार आहे. ताईची गाडी शिकायची फी, लायसन आणि तोवर दोन महिने पगारी ड्रायव्हर — तिच्या खात्यावर पाठवतोय, एकतीस हजार.